किल्ली कोणाच्या खिशांत?



नीरा डावा कालवा १८८५ सालीं सुरू झाला आणि त्याच्या पाण्यानें आपल्या बारामती-इंदापूर भागाचें रूप पालटलें. जेथें ज्वारी-बाजरीच्या जिराईत पिकावर लोक कसेबसे दिवस काढीत, तेथें ऊस डोलूं लागला. आणि उसाच्या पाठोपाठ यंत्रें आलीं. इंदापूर तालुक्यांत कळंब गांवच्या माळावर शेठ वालचंद हिराचंद यांनीं वसविलेलें वालचंदनगर, भवानीनगरचा छत्रपति कारखाना, बारामती तालुक्यांतील माळेगांव व सोमेश्वर येथील सहकारी कारखाने, आणि अलीकडची बारामतीची औद्योगिक वसाहत, यांचे भोंगे ऐकतच आपल्यापैकीं पुष्कळांचें बालपण गेलें आहे. आमच्या वाचकांत अशीं घरें थोडींच असतील कीं, ज्यांतील एखादें तरी माणूस यंत्रापाशीं उभें राहून भाकरी मिळवीत नाहीं. म्हणून यंत्राविषयींची एक गोष्ट येथें सांगण्याचें योजिलें आहे. ती ऐकावयास अगदीं साधी, परंतु न पाळल्यास हातपाय, प्रसंगीं प्राणही घेणारी आहे. ती गोष्ट ही कीं, यंत्र दुरुस्त करीत असतां त्यास कुलूप कां लावावें, आणि त्या कुलपाची किल्ली कोणाजवळ असावी.

सामान्यतः आपणांस असें वाटतें कीं, यंत्र चालू असतें तेव्हां धोका, आणि तें थांबलें कीं निर्धास्तपणा. पण थोडा विचार केला असतां निराळेंच दिसून येईल. चालू यंत्रास सर्वच भितात. त्याचा आवाज, त्याची गति, त्याची उष्णता हीं सर्व मनुष्यास दूर उभें राहण्यास सांगत असतात. शिवाय त्याच्या चाकांभोंवतीं जाळी असते, पट्ट्यांवर पत्र्याचें झांकण असतें. दुरुस्तीच्या वेळीं मात्र ही सर्व राखण आपण स्वतःच दूर करतों. जाळी काढतों, झांकण उघडतों, आणि जेथें एरव्हीं काठीही घालावयाची नाहीं अशा जागीं हात, खांदा, प्रसंगीं सबंध शरीर घालतों. अशा वेळीं तें यंत्र एक क्षणभर जरी हललें तरी पुढें काय होईल हें सांगावयास नको. वाघाच्या पिंजऱ्यांत वाघ झोपला आहे म्हणून शिरणें आणि वाघ दुसऱ्या पिंजऱ्यांत कोंडला आहे म्हणून शिरणें, या दोहोंत जेवढें अंतर आहे, तेवढेंच थांबलेल्या यंत्रांत आणि कुलूप लावलेल्या यंत्रांत आहे.

माझ्या परिचयाचे एक गृहस्थ आहेत. एका कारखान्यांत त्यांनीं पुष्कळ वर्षें फिटरचें काम केलें. त्यांच्या उजव्या हातास तीन बोटें नाहींत. गळिताचा हंगाम संपून उन्हाळ्यांतील दुरुस्तीचें काम चाललें होतें. गव्हाणीच्या साखळीची झिजलेली एक कडी बदलण्यासाठीं ते खालीं उतरले. उतरण्यापूर्वीं त्यांनीं वायरमनला सांगून मोटरीचा स्विच बंद करविला होता. यांत त्यांची कांहींच चूक नव्हती. काम लांबलें. मध्यंतरीं पाळी बदलली. ज्यानें स्विच बंद केला तो वायरमन घरीं गेला आणि त्याच्या जागीं दुसरा आला. या दुसऱ्या माणसास शेजारची एक मोटर चालवून पाहावयाची होती. त्यानें स्विच बंद असलेला पाहिला. त्यावर ना पाटी, ना चिठ्ठी, ना कुलूप. कोणीतरी जातांना बंद करून गेलें असेल असें समजून त्यानें तो वर ओढला. साखळी जेमतेम हातभर सरकली असेल. पण तेवढ्यानें जें व्हावयाचें तें झालें.

या गोष्टींत दुष्ट असा कोणीच नाहीं. पहिल्या वायरमननें सांगितलेलें काम केलें. दुसऱ्यानें आपलें नित्याचें काम केलें. फिटर तर सावधच होते. तरीही एका मनुष्याचा हात जन्माचा अधू झाला. हे गृहस्थ त्या प्रसंगाविषयीं बोलतांना कोणासही दोष देत नाहींत. ते एवढेंच म्हणतात, "मी यंत्र बंद करविलें होतें, पण तें बंद राहील अशी तजवीज केली नव्हती." आजच्या लेखाचें सर्व सार या एका वाक्यांत आहे. बंद करणें ही एका क्षणाची कृति आहे. बंद राहणें ही काम संपेपर्यंतची स्थिति आहे. पहिलीस एक बोट पुरतें. दुसरीस व्यवस्था लागते.

आतां बंद केलेलें यंत्र पुन्हा कां चालूं लागतें, याचीं कारणें पाहूं. तीं मुख्यतः तीन आहेत.

पहिलें कारण दुसरा मनुष्य. वरील हकीकतींत तेंच घडलें. मोठ्या कारखान्यांत स्विच एका खोलींत, मोटर दुसरीकडे, आणि तिनें फिरणारें यंत्र तिसरीकडे, असें असतें. स्विचपाशीं उभ्या असलेल्या मनुष्यास यंत्रांत शिरलेला मनुष्य दिसत नाहीं व त्याची हांकही ऐकूं येत नाहीं.

दुसरें कारण वीज परत येणें. याचा अनुभव शेतकऱ्यांच्या मुलांस अधिक असेल. शेतीच्या पंपांस वीज ठराविक तासच मिळते, आणि पाळी पुष्कळदां रात्रीं येते. थंडींत मध्यरात्रीं उठून विहिरीवर जाणें नको म्हणून कित्येक जण स्टार्टरला ऑटो स्विच बसवितात. वीज आली कीं पंप आपोआप सुरू होतो. सोय मोठी खरी. पण "वीज गेलेलीच आहे" असें म्हणून जो मोटरीच्या पट्ट्यास किंवा वायरीस हात घालतो, त्याच्यासाठीं हीच सोय काळ होऊन बसते. वीज गेलेली असणें म्हणजे यंत्र बंद असणें नव्हे. तें केवळ वाट पाहत असतें.

तिसरें कारण सर्वांत फसवें आहे, आणि तें म्हणजे साठून राहिलेली शक्ति. ती समजण्यासाठीं आपण साखर कारखान्यांतून उसाच्या मागोमाग एक फेरी मारूं. गव्हाणींत पडलेला ऊस प्रथम वेगानें फिरणाऱ्या सुऱ्यांखालीं तुटतो. या सुऱ्यांचें चक्र इतकें जड असतें कीं, मोटर बंद केल्यावरही तें बराच वेळ स्वतःच्या वेगानेंच फिरत राहतें. पुढें ऊस लोखंडी रोलरांच्या गिरण्यांत पिळला जातो. वरचा रोलर खालच्यांवर दाबून धरण्यासाठीं तेलाचा मोठा दाब दिलेला असतो. गिरणी थांबली म्हणून हा दाब आपोआप नाहींसा होत नाहीं. उरलेला चोथा, ज्यास बगॅस म्हणतात, तो बॉयलरांत जळतो. त्याच्या वाफेवर टर्बाइन फिरतें आणि वीज तयार होते. दोन बॉयलर एकाच वाफेच्या नळास जोडलेले असले, तर एक थंड करून त्यांत मनुष्य उतरल्यावर दुसऱ्याची वाफ गळक्या व्हॉल्व्हमधून त्याच्याकडे येऊं शकते. शेवटीं साखरेचे दाणे मळीपासून वेगळे करणारीं सेंट्रिफ्यूगल यंत्रें मिनिटास हजाराच्या घरांत फेरे घेतात. तींही एकदम थांबत नाहींत. याशिवाय वर उचलून धरलेलें वजन, दाबलेली स्प्रिंग, टाकींत कोंडलेली हवा, नळांतील कढत रस, आणि वीज तोडल्यावरही कांहीं काळ भार धरून ठेवणारा कपॅसिटर, हीं सर्व त्याच जातीचीं होत. स्विच बंद केल्यानें नवी शक्ति येणें थांबतें. आंत असलेली शक्ति जात नाहीं.

या तिन्ही कारणांवर कारखान्यांनीं जो उपाय काढला त्यास इंग्रजींत लॉकआऊट-टॅगआऊट असें नांव आहे. आपण त्यास "कुलूप आणि पाटी" म्हणूं. संपामध्यें मालक जें टाळें ठोकतो त्यासही लॉकआऊटच म्हणतात. पण त्या टाळ्याचा आणि या कुलपाचा कांहीं संबंध नाहीं. तें टाळें कामगारास बाहेर ठेवतें. हें कुलूप कामगार आंत असतांना त्याचें रक्षण करतें. याची रीति क्रमाक्रमानें अशी आहे.

प्रथम, ज्या ज्या माणसांचा त्या यंत्राशीं संबंध आहे, त्या सर्वांस यंत्र दुरुस्तीसाठीं बंद होत असल्याचें सांगावें. त्या यंत्रास शक्ति कोठकोठून मिळते याची यादी करावी; वीज, वाफ, हवा, तेल, पाणी यांपैकीं एकही मार्ग विसरूं नये. दुसरें, यंत्र नेहमींच्या रीतीनें थांबवावें. तिसरें, शक्तीचा प्रत्येक मार्ग मुळाशीं तोडावा. येथें एक भेद ध्यानांत ठेवावा. यंत्राजवळचें थांबविण्याचें बटण दाबणें म्हणजे मार्ग तोडणें नव्हे. बटण हा केवळ निरोप आहे. मुख्य स्विच हा दरवाजा आहे. दरवाजा लावला पाहिजे. वाफेच्या नळावर तर व्हॉल्व्ह बंद करून त्याच्या चाकास सांखळी व कुलूप घालतात, आणि जेथें मनुष्य आंत उतरावयाचा असेल तेथें नळाच्या जोडांत लोखंडी चकती बसवून वाट सबंध बुजवून टाकतात.

चौथें, तो स्विच किंवा व्हॉल्व्ह बंद स्थितींत असतांना त्यास कुलूप लावावें व पाटी अडकवावी. पाटीवर काम करणाराचें नांव, काम कोणतें, तारीख व वेळ लिहावी. पांचवें, आंत साठलेली शक्ति काढून टाकावी: फिरणारें चक्र पूर्ण थांबूं द्यावें, वाफ व हवा सोडून द्यावी, तेलाचा दाब उतरवावा, टांगलेल्या वजनास खालून भक्कम आधार द्यावा, कपॅसिटरचा भार योग्य साधनानें उतरवावा.

सहावी पायरी बहुतेक लोक गाळतात, आणि तीच सर्वांत मोलाची आहे. ती म्हणजे परीक्षा. कुलूप लावल्यावर, यंत्राजवळ कोणी नाहीं असें पाहून, चालू करण्याचें बटण मुद्दाम दाबून पाहावें. यंत्र चाललें, तर आपण भलत्याच स्विचला कुलूप लावलें आहे हें कळेल. आणि तें हात घालण्यापूर्वीं कळलें याबद्दल समाधानच मानावें. विजेच्या कामांत मापकयंत्रानें तारांत वीज नाहीं याची खातरी करावी. आणि तें मापकयंत्रही चालू तारेवर आधीं व नंतर लावून, तें स्वतः खरें बोलतें कीं नाहीं, हें पाहावें. परीक्षेनंतर बटण पुन्हा बंद स्थितींत आणण्यास विसरूं नये. इतकें झाल्यावरच सातवी पायरी, म्हणजे प्रत्यक्ष काम.

काम संपल्यावर हाच क्रम उलट करावयाचा. हत्यारें, चिंध्या, सुटे नट आंत राहिले नाहींत ना हें पाहावें, जाळ्या व झांकणें परत बसवावीं, माणसें मोजावीं, मग ज्यानें त्यानें आपापलें कुलूप काढावें, सर्वांस सांगावें, आणि शेवटीं यंत्र चालू करावें.

येथें कोणी विचारील, "एवढा खटाटोप कशाला? नुसती पाटी लावली तर पुरे नाहीं काय?" पाटी अवश्य असावी, कारण कुलूप कोणाचें व कशासाठीं हें तीच सांगते. परंतु पाटी वाऱ्यानें पडते, तेलानें पुसली जाते, अंधारांत दिसत नाहीं, आणि ज्यास वाचतां येत नाहीं त्याच्याशीं ती बोलतच नाहीं. पाटी विनंति करते; कुलूप अडवितें. जेथें प्राणाचा प्रश्न आहे तेथें केवळ विनंतीवर विसंबून चालणार नाहीं.

आतां मुख्य प्रश्नाकडे येऊं. किल्ली कोणाच्या खिशांत असावी? साहेबांच्या? मुकादमाच्या? कचेरींतील फळ्यावर? यांपैकीं एकही उत्तर बरोबर नाहीं. ज्याचा हात यंत्रांत आहे, किल्ली त्याच्याच खिशांत असली पाहिजे. एक मनुष्य, एक कुलूप, एक किल्ली. साहेब कितीही दक्ष असले तरी त्यांस शंभर कामें असतात. त्यांच्या विस्मृतीची किंमत दुसऱ्याच्या हातानें द्यावी लागूं नये. आणि यंत्रावर पांच माणसें काम करीत असतील, तर पांच कुलपें पाहिजेत. यासाठीं अनेक भोंकें असलेली लोखंडी पकड मिळते. ती स्विचच्या कडींत अडकवितात आणि तिच्या प्रत्येक भोंकांत एकेक कुलूप घालतात. चौघांनीं आपलीं कुलपें काढलीं आणि पांचवा अजून आंत असला, तर पांचव्याच्या एका कुलपापुढें सर्व कारखान्याचें कांहीं चालत नाहीं. नुकताच कामास लागलेला पोऱ्या आणि मुख्य इंजिनिअर यांच्या कुलपांत मानाचा भेद नाहीं. मला या रीतींतील ही गोष्ट फार थोर वाटते.

पाळी बदलतांना येणाऱ्या मनुष्यानें आपलें कुलूप आधीं लावावें, मग जाणाऱ्यानें आपलें काढावें. म्हणजे मध्यें एक क्षणही यंत्र मोकळें राहत नाहीं. आमच्या परिचयाच्या त्या फिटरांची बोटें एवढ्याशा नियमानें वांचलीं असतीं. एखादा कामगार किल्ली घेऊन घरींच गेला, तर त्याचें कुलूप फोडण्यापूर्वीं तो आवारांत नाहीं याची खातरी करावी, त्याच्याशीं बोलण्याचा प्रयत्न करावा, जबाबदार अधिकाऱ्यानें स्वतः यंत्र पाहून मगच तें काढवावें, आणि तो मनुष्य कामावर परततांच त्यास तें सांगावें.

ही कल्पना अगदींच नवी नव्हे. दौंडाहून बारामतीस छोटी रेल्वे १९१४ सालीं आली, हें वडील मंडळींस ठाऊकच आहे. ज्या मार्गावर रुळांची एकच जोडी असते, तेथें समोरासमोरून दोन गाड्या येऊं नयेत म्हणून रेल्वेनें फार पूर्वीं एक युक्ति काढली. दोन स्टेशनांच्या दरम्यानच्या रुळासाठीं टोकन, म्हणजे एक लोखंडी गोळा, ठरविलेला असे. दोन्ही स्टेशनांतील यंत्रें तारेनें अशीं जोडलेलीं असत कीं, एका वेळीं एकच गोळा बाहेर निघे. तो ड्रायव्हरच्या हातीं आल्यावांचून गाडी हालत नसे, आणि तो पुढच्या स्टेशनांतील यंत्रांत परत पडल्यावांचून दुसरा गोळा निघत नसे. स्टेशनमास्तर कितीही विसरभोळा असला तरी विसरणें त्यास शक्यच होऊं नये, अशी ही तजवीज होती. कारखान्यांतील किल्ली आणि ड्रायव्हरच्या हातांतील गोळा हीं एकाच विचाराचीं दोन रूपें आहेत. दोहोंतही सुरक्षितपणा मनुष्याच्या स्मरणावर न सोडतां एका वस्तूच्या स्वाधीन केलेला आहे.

आपल्या गांवचा लाइनमनही असेंच करतो. खांबावर चढण्यापूर्वीं तो उपकेंद्रांतून "परमिट" घेतो, म्हणजे अमुक लाइन बंद केली आहे व तो परमिट परत करीपर्यंत ती सुरू होणार नाहीं, असें लेखी वचन घेतो. शिवाय कामाच्या जागीं तो तारा एकमेकींस व जमिनीस जोडून ठेवतो, म्हणजे चुकून वीज आलीच तर ती जमिनींत जावी. ही दक्षता कां, हें आपण घरांतील मंडळींनीं समजून घेतलें पाहिजे. वीज गेल्यावर कांहीं लोक घरचा जनरेटर मुख्य स्विच न तोडतां तसाच जोडतात. मग घरची वीज उलट वाटेनें बाहेरच्या तारांत जाते आणि रोहित्रांतून मोठ्या दाबाची होऊन खांबावरच्या मनुष्यास गांठते. आपल्या घरांतील दिवा दुसऱ्याच्या घरांतील दिवा मालवूं नये, एवढें पथ्य प्रत्येकानें पाळावें.

कायद्यानेंही या दिशेनें हळूहळू पावलें टाकलीं आहेत. हिंदुस्थानांत पहिला कारखाने कायदा १८८१ सालीं झाला. त्यांत सात वर्षांखालील मुलांस कामावर घेण्यास बंदी होती. आज वाचतांना अंगावर कांटा येतो कीं, तेवढ्यासाठींही कायदा करावा लागला. १८८४ सालीं मुंबईंत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें गिरणी-कामगारांनीं ज्या मागण्या केल्या, त्यांत रविवारच्या सुटीबरोबरच आणखी एक मागणी होती: कामावर जबर इजा झालेल्या कामगारास तो बरा होईपर्यंत पगार मिळावा, आणि जो कायमचा अपंग होईल त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी. म्हणजे त्या काळीं अपघात झाल्यावर काय, एवढाच प्रश्न विचारणें शक्य होतें. अपघात होऊंच नये म्हणून काय करावें, हा प्रश्न पुढचा. १९४८ च्या कारखाने कायद्यानें यंत्रांभोंवतीं कुंपण असावें, चालत्या यंत्राचें काम केवळ खास शिकविलेल्या प्रौढ माणसानें अंगाबरोबर घट्ट कपडे घालून करावें, असे नियम घातले; आणि पुढील दुरुस्तीनें त्यांत असेंही आलें कीं, शक्ति तोडण्याचें जें साधन चुकून बंदचें चालू होऊं शकतें, त्यास बंद स्थितींत कुलूप घालण्याची सोय असावी. २०२० सालीं संसदेनें कामगारांच्या सुरक्षिततेसाठीं नवी संहिता संमत केली. अमेरिकेंत या कुलूप-पाटीचा स्वतंत्र व तपशीलवार नियम १९८९ सालीं प्रसिद्ध झाला. परंतु कायदा पुस्तकांत राहतो आणि कुलूप कपाटांत राहतें, तोंपर्यंत कोणाचाही हात वांचत नाहीं. तें काम शेवटीं माणसांच्या संवयीनेंच व्हावयाचें आहे.

"आत शिरण्यापूर्वीं खातरी" हा नियम यंत्र नसलेल्या जागींही लागू आहे. २०२३ च्या मार्च महिन्यांत आपल्याच बारामती तालुक्यांतील खांडज येथें जनावरांच्या मलमूत्राच्या टाकींत गुदमरून चार जण प्राणास मुकले. तेथें फिरणारें चाक नव्हतें. पण न दिसणारा वायु होता, आणि तोही साठून राहिलेली शक्तिच. अशा टाकींत, हौदांत किंवा जुन्या विहिरींत आंतील हवा तपासल्यावांचून कोणीही उतरूं नये. आणि कोणी आंत पडलेला दिसला तर मागोमाग उडी न घेतां बाहेरून मदत बोलवावी. धांवून जाणें हा मायेचा धर्म आहे. परंतु आंधळेपणानें धांवल्यास एका घराचें दुःख चार घरांस होतें.

आतां, विद्यार्थिमित्रहो, तुम्ही स्वतः काय करूं शकाल तें सांगतों. घरीं कडबाकुट्टी असेल, तर तिच्या तोंडांत अडकलेला कडबा काढण्यापूर्वीं वायर बोर्डांतून काढा आणि तिचें टोंक आपल्या डोळ्यांसमोर ठेवा. धाकट्या भावास "बटणाजवळ उभा राहा" असें सांगून काम करूं नका. भाऊ कितीही शहाणा असला तरी तो कुलूप नव्हे. विहिरीवरच्या मोटरीस हात लावण्यापूर्वीं वडील मंडळी फ्यूजचे किटकॅट काढून खिशांत घालतात, हें तुम्हीं पाहिलें असेल. आमच्या शेतकऱ्यांनीं कोणतेंही पुस्तक न वाचतां शोधलेली ही कुलूप-पाटीच आहे. मात्र तीही अपुरी आहे. कारण किटकॅट नाहीं असें पाहून एखादा शेजारी तेथें तार टाकूं शकतो. म्हणून मुख्य स्विच पाडून पेटीसच कुलूप घालावें, ऑटो स्विच काढून ठेवावा, आणि तारांत वीज नाहीं हें तपासावें. मोटरीची दुरुस्ती मात्र जाणत्या मनुष्यानेंच करावी. तुमचें काम विचारण्याचें आहे.

होय, विचारण्याचेंच. आणि पालकांसही विनंति हीच आहे. उन्हाळ्यांत गळीत संपून कारखान्यांत दुरुस्तीचें काम निघेल तेव्हां मुलांनीं आपल्या वडिलांस, काकांस, मोठ्या भावांस रात्रीं जेवतांना सहज विचारावें, "आज यंत्रांत उतरलांत तेव्हां किल्ली कोणाच्या खिशांत होती?" "माझ्या" असें उत्तर आलें तर निश्चिंत झोपावें. "साहेबांच्या", "कुलूपच नव्हतें", "आमच्यांत तसली पद्धत नाहीं" असें उत्तर आलें, तर रोज रात्रीं तोच प्रश्न पुन्हा विचारावा. मुलांच्या प्रश्नानें बाप कधीं रागावेल. परंतु दुसऱ्या दिवशीं कामावर जातांना तो प्रश्न त्याच्या मनांतून जाणार नाहीं. आणि जे पालक कारखान्यांत अधिकारावर आहेत, त्यांनीं हाच प्रश्न आपल्या हाताखालील प्रत्येक मनुष्याविषयीं स्वतःस विचारावा. एका कुलपास फारसे पैसे पडत नाहींत. त्यासाठीं यंत्र जो वेळ थांबतें तो वेळही, ज्याचा हात जाणार होता त्याच्या उरलेल्या आयुष्याशीं तोलून पाहिला, तर अगदींच अल्प आहे.

ते तीन बोटें गमावलेले फिटर आज नातवाचा अभ्यास घेतात. लेखणी डाव्या हातांत धरून ते त्यास अक्षरें काढून दाखवितात. त्यांच्या गळ्यांत एक लहानशी किल्ली असते. ज्या कुलपाची ती आहे, तें त्यांनीं अपघातानंतर स्वतःच्या पैशानें घेतलें होतें, आणि पुढच्या सर्व नोकरींत त्या कुलपावांचून ते कोणत्याही यंत्रांत उतरले नाहींत.